कबुलीच्या पानावरचा हुंदका

"या पोराच्या नजरेतून काही म्हणता काही सुटायचं नाही."

लहानपणी आत्या हे खाऊच्या डब्याबद्दल बोलली होती. पण तो आवाज पोराच्या कानात घर करून बसला आणि त्या एका वाक्याच्या पायावर त्याने पुढे गुप्तहेरपणाचा अख्खा इमला चढवला. गुन्हेगारांचा कर्दनकाळ, सत्याचा सोबती, अंधाराचा वैरी ही बिरुदं त्याची त्यानेच स्वतःला बहाल केली. लोक मात्र खिशातल्या जडशीळ पितळी भिंगावरून त्याला नुसतं भिंग म्हणत.

आताचं प्रकरण घरातलंच होतं. ताई ध्वनिमुद्रण करायची आणि भावजी काचेच्या खोलीत बसून एक जाडजूड, जुनी रशियन कादंबरी वाचायचे. तिचं बोलकं पुस्तक व्हायचं होतं. कादंबरीचा नायक दार उघडण्याआधी चौदा पानं विचार करायचा. गुन्हेगारी मनाचा अभ्यास फुकटात होतोय म्हणून भिंगही खुनाच्या कबुलीच्या प्रकरणापासून ताईशेजारी खुर्ची टाकून बसू लागला.

आणि नेमका तेव्हापासूनच ध्वनिमुद्रणात हुंदका ऐकू येऊ लागला. बारीक, ओला, दाबलेला. पुन्हा वाचलं, पुन्हा हुंदका. संध्याकाळपर्यंत प्रकरण स्वच्छ झालं नाही, तर प्रकाशक दुसरा आवाज शोधणार होते.

भावजींनी धसकाच घेतला. माझाच श्वास फुटतोय, म्हणाले, आवाज संपला माझा, द्या दुसऱ्याला. ताईने नुसतं ध्वनिमुद्रण पुन्हा सुरू केलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्या वाचनावर तिचा अभिप्राय एकच असायचा: पुन्हा घ्या.

भिंगने तपास हाती घेतला. या कादंबरीत एकेका माणसाला तीन-तीन नावं, तेव्हा संशयितही तिप्पट, हा त्याचा पहिला निष्कर्ष. मग संशय भावजींच्या खुर्चीवर गेला. तिला हद्दपार केलं, भावजींनी उभ्याने वाचलं, हुंदका हजर. मग भावजींचं रिकामं पोट आरोपी ठरलं. त्यांना बिस्किटं चारली. आता हुंदका होताच, वर ठसकाही लागला. वाचणारा मनातून खुनी झालाय आणि त्याचं मन रडतंय, असा भिंगचा शेवटचा सिद्धांत होता. भावजींनी हात जोडले आणि कंटाळून हेडफोन काढून ठेवला.

तसंच वाचलं. हुंदका गायब.

"म्हणजे तो माझ्या तोंडातून येत नव्हता," भावजी सावकाश म्हणाले, "कानातून येत होता."

कान जुने, म्हणून हेडफोनचा आवाज मोठा. त्यातलं सगळं माईक टिपत होता. त्यांनी काचेपलीकडे पाहिलं. ताईच्या टेबलावर त्यांच्याशी बोलायचं बटण होतं, दाबलं की तिथला आवाज थेट हेडफोनमध्ये, आणि त्या बटणावर, रोजच्यासारखंच, कर्दनकाळाचं पितळी भिंग विसावलं होतं.

भिंगने ते उचलून खिशात टाकलं. मला पहिल्यापासून संशय होताच, म्हणाला.

"पण हुंदका कुणाचा?" भावजींनी हेडफोन पुन्हा कानाला लावत विचारलं.

भिंगने ताईकडे पाहिलं. तिचे डोळे लाल होते. आत्याच्या नजरबाज पोराला इतके दिवस शेजारी बसून ते दिसले नव्हते.

ताईने आपणहून बटण दाबलं.

"माझा. अहो, तुमचा आवाज कुठे संपलाय? ते पान वाचायला लागलात की मला रडू आवरतच नाही." तिने नाक ओढलं, तेही आत ऐकू गेलं. "आणि 'पुन्हा घ्या' म्हणते ना मी, ते चुकलं म्हणून नाही हो. मला पुन्हा ऐकायचं असतं."