घरी ऐकू जाईल अशी गाडी

राठोडकाका अंगणात डोळे मिटून बसतात आणि रस्त्यावरून जाणारी गाडी कोणती ते कानाने सांगतात. ‘पेट्रोल.’ ‘डिझेल, तेही म्हातारं.’ मध्येच एखादी गाडी काहीच आवाज न करता सरकून जाते. तेव्हाच ते डोळे उघडतात. ‘गेली नं, बापू? मुकी होती.’ मिटल्या डोळ्यांना ती कशी कळते, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

लोहाऱ्यात आमची भिंतीला भिंत. काका आता एकटेच राहतात. त्यांच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूख पालथा घातला. काकांनी तेच काम डिझेलच्या जीपने केलं. ती वळणावर आली की आमच्या घरातल्या कपबश्या वाजायच्या आणि शेवंताकाकू चहाचं आधण ठेवायच्या. गेल्या पावसाळ्यात जीप कायमची बसली. नवी घेणं आलं. जाणकार म्हणून काकांनी मला सोबत नेलं, कारण माझ्याकडे स्कूटर आहे.

शोरूममधली मुलगी मोठी बोलकी.

‘ही माइल्ड हायब्रिड. गाडी इंजिनच ओढतं, मोटर फक्त हातभार लावते.’

‘म्हणजे बोलते. बरी आहे.’

‘ही स्ट्राँग हायब्रिड. हिला प्लग लागत नाही, चालता चालता चार्ज होते. हळू चालवली की इंजिन बंद, नुसती मोटर.’

‘म्हणजे गावभर बोंबलन अन् घराजवळ येऊन घुमी होईन. कायले पाह्यजे?’

प्लग-इन हायब्रिड तिच्याकडे नव्हती, तिचं चित्र दाखवलं. भिंतीतल्या प्लगवर चार्ज होते, शिवाय पेट्रोलही पिते. काकांनी तिला ‘दोन घरी जेवणारी’ ठरवलं. चार्ज आहे तोवर तीही गप्पच चालते, हे कळल्यावर तीही बाद झाली. चौथी निव्वळ बॅटरीवरची, तिला इंजिनच नाही. तिच्याकडे त्यांनी पाठ केली.

किंमत नाही, मायलेज नाही. काकांचा एकच प्रश्न, ‘वळणावरून घरी ऐकू येईन का?’

‘घरी कोण कोण असतं, काका?’ मुलीने सहज विचारलं.

‘मंडळी.’

शेवंताकाकूंना जाऊन दोन पोळे झाले होते.

काका माइल्ड हायब्रिड पसंत करून आले. पण पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने लाडाने परस्पर निव्वळ बॅटरीचीच गाडी दारात आणून उभी केली आणि बापाचे फोटो काढून तो परत गेला. काकांनी आठवडाभर तिला हात लावला नाही. मग एका दुपारी मला हाक मारली.

‘बस बापू. पाहू तं खरं, कशी चालते.’

परत येताना तिन्हीसांजा झाल्या होत्या. रस्त्यात झोपलेल्या कुत्र्याला वळसा घालून गेलो, त्याने कानही हलवला नाही. पाण्याची कळशी घेऊन चाललेल्या बाईच्या अगदी शेजारून गेलो, तिने वळून पाहिलं नाही. आपण गाडीत खरंच बसलो आहोत ना, म्हणून मी स्वतःचा गुडघा चाचपून पाहिला.

वळणावर काकांनी गाडी थांबवली.

‘तिचं शेवटचं होतं, त्या दिवशी जीप गॅरेजात होती. एका दोस्तानं असल्याच मुक्या गाडीत आणून सोडलं. जवळ बसल्या बाया सांगत होत्या, सारखी इचारून राह्यली होती, जीप आली का, जीप आली का. अन् मी अंगणात आलतो, बापू. तिले समजलंच नाही. आत जाईस्तोवर गेली.’

इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या कानांची चेष्टा करत होतो.

काकांनी सीटखालून जुनी घुंगरमाळ काढली. वडिलांच्या बैलाची. बैल तांड्याजवळ आले की ह्याच घुंगरांवरून घरच्या बाया भाकर टाकायला घ्यायच्या, म्हणाले. खाली उतरून त्यांनी ती बंपरला घट्ट बांधली आणि मग वळणापासून घरापर्यंत गाडी वाजत वाजत आली.

दाराला कुलूप होतं, आत अंधार. काकांनी माळ हाताने पुन्हा एकदा हलवली आणि ते अंगणातच उभे राहिले. मी दाराकडे निघालो, तर त्यांनी माझा हात धरला.

‘दमानं, बापू. उठू दे तिले.’

मीही थांबलो. आणि खरं सांगतो, कान देऊन थांबलो.