घटपर्णीचा खुराक

"काही घालायचं नाही," शिंत्रेसाहेबांनी तिसऱ्यांदा बजावलं. "शेण नाही, लेंडीखत नाही, काही म्हणजे काही नाही. नुसतं पावसाचं पाणी. कळलं का, इमाम?"

"कळलं की, साहेब," इमाम माळी म्हणाला. त्याला काडीचं कळलं नव्हतं.

महाराज गादीवर होते, कोल्हापुरात गल्लोगल्ली तालमी घुमत होत्या, आणि दरबारच्या बागेत थेट आसामातून एक वेल आली होती. नाव घटपर्णी. तिच्या पानाचं टोक सुतळीसारखं लांबत जायचं आणि त्या सुतळीला वीतभर लांबीचा, झाकण असलेला हिरवा घडा लटकायचा. काठावर माशी बसली की पाय घसरून आत. आतल्या पाण्यात ती विरघळायची आणि वेल तिला पचवून मोकळी व्हायची. शिंत्रेसाहेब बागेचे सुपरिंटेंडंट, पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकलेले. आता चार महिन्यांसाठी बंगळूरला निघाले होते.

"दसऱ्याला दरबारचे पाहुणे ही वेल बघायला येणार," जाता जाता ते म्हणाले. "घडे भरघोस दिसले, तर मुकादमीसाठी तुझं नाव सुचवतो. वेलीला काही झालं, तर मात्र खुरपं ठेवायचं आणि घर गाठायचं."

वीस वर्षं खुरपं धरलेला इमाम त्या दिवसापासून वेलीपुढं ठाण मांडून बसायला लागला. माशी आत पडल्यावर झाकण मिटतं का? मिटत नव्हतं. मग दात कुठं असतात? त्यानं घड्यात काडी घालून पाहिली, धीर करून बोट घातलं, आणि बोट शाबूत बाहेर आल्यावर त्याची जराशी निराशाच झाली. पण दोन दिवसांत वेलीच्या पोटात गेलं काय, तर एक माशी आणि तीन मुंग्या. इमामला गलबलून आलं. एवढ्या लांबून आलेलं पावणं, आणि कोल्हापुरात उपाशी?

घरी जेवताना त्यानं हे बोलून दाखवलं. घरात त्याची बायको चाँदबी आणि चाँदबीचा धाकटा भाऊ गौस. गौस कुस्ती शिकायला म्हणून गडहिंग्लजहून आला, त्याला दीड वर्ष झालं होतं. रोज शेरभर दूध, मूठभर बदाम आणि दिवसाआड मटण तो नेमानं पचवत होता. कुस्ती तेवढी अजून एकही झाली नव्हती. "अंग भरू द्या की, दाजी," असं तो म्हणायचा. अंग तर आता दारात मावत नव्हतं.

"त्या वेलीला खुराक पायजे, दाजी," गौस मटणाची नळी ओढत म्हणाला. "मांस खाणारी जात म्हणता न्हवं? मग माशीवर काय हुतंय? पैलवान कुठं मुरमुरं खाऊन मैदान मारतोय व्हय?"

"साहेब नगं म्हणाल्यात."

"साहेब शिकल्यालं हाईत. पर खाल्ल्यालं हाईत का?"

इमामला हे पटलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या ताटातलं मटण बारीक करून नेलं. गौस आपल्यातलं देईल, ही आशाच नको. तो बरोबर आला तो फक्त मार्गदर्शनाला. पण पहिलाच तुकडा घालताना त्याचा अगडबंब हात असा काही पडला, की एक फांदी कडाक्कन मोडली. इमामनं इकडंतिकडं पाहिलं. त्यानं फांदी उचलली, एका फुटक्या कुंडीत वाळू आणि शेवाळ होतं त्यात खुपसली आणि कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून कुंडी हौदामागं सारली. पुढं तो ती विसरूनही गेला.

खुराक मात्र सुरू झाला. घड्यांत मटण, वरून दूध. कुंडीत बुडाशी लेंडीखत आणि खाटकाकडचं रक्त. आठवड्यात असा वास सुटला, की हवा खायला येणारे लोक बागेला बाहेरूनच वळसा घालायला लागले.

चुकले नाहीत ते फक्त शिवय्याआण्णा. गुळाचे व्यापारी, घरात कांदासुद्धा जपून चिरणारे. रोज सकाळी पूजेची फुलं न्यायला यायचे.

"अय्यो शिवने! इमामभाई, माझ्या जाईच्या शेजारी हे काय मांडलायस?"

"खुराक हाय, आण्णा."

"कसला खुराक? लेकरू हाय ते अजून. जे वळण लावशील ते लागंल की! निदान सोमवारी तरी सोड."

म्हणून सोमवारी हुलग्याचं कढण ठरलं. शिवय्याआण्णा ते घरून तांब्यातून आणायचे आणि घड्याघड्यात पळीनं घालायचे. पुढं सोमवारला गुरुवार जोडला गेला.

आणि वेल काय माजली म्हणता! पानं हातभर लांब, रुंद, काळीभोर हिरवी. इमाम मनातल्या मनात मुकादमीचा फेटा बांधायला लागला. मग श्रावणात जुने घडे तपकिरी पडून एकेक गळायला लागले. नवी पानं यायची, टोकाला सुतळी यायची, आणि पुढं काहीच नाही. घडा नाहीच.

"खुराक कमी पडतोय," गौसनं निदान केलं. खुराक वाढवला. भाद्रपदात शेवटचा घडा गळला.

शिवय्याआण्णांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुटलं! मांस सुटलं तिचं!" त्यांनी वेलीला हार घातला आणि बागेत गूळ-खोबरं वाटलं. दुपारपर्यंत मांस सोडलेल्या वेलीला हात जोडायला रांग लागली. एकटा इमाम डोकं धरून बसला होता. मुकादमी गेलीच होती, आता हातचं खुरपंही चाललं होतं.

दसऱ्याला पाच दिवस उरले आणि सांगावा आला, साहेब उद्या पोचतात. इमाम तसाच कुंभाराकडं धावला. अकरा बोळकी आणली, हिरवी रंगवली आणि दोऱ्यानं पानांच्या टोकांना बांधली. लांबून बघितलं तर बरी दिसत होती. फार लांबून.

साहेब मात्र जवळ आले. वाकले. एका घड्यावर टिचकी मारली. टण्ण.

"इमाम, हा वाजतोय."

"पिकलाय, साहेब."

तेवढ्यात दोरा तुटला आणि पिकलेला घडा साहेबांच्या बुटावर पडून फुटला. इमामनं हात जोडले आणि गौसच्या सल्ल्यापासून शिवय्याआण्णांच्या कढणापर्यंत सगळं ओकून टाकलं. साहेबांचा चेहरा आधी लालबुंद झाला. मग हळूहळू त्यांनी खिशातून वही काढली.

"कढण तुरीचं की हुलग्याचं?"

"हुलग्याचं."

"हं." त्यांनी ते लिहून घेतलं. "अरे शहाण्या, ही वेल हौसेनं माशा धरत नाही. तिच्या मुलखातली जमीन निकस. मुळांना काही मिळत नाही, म्हणून बिचारी घडे करून पोट भरते. तू सगळं तिच्या पायाशी नेऊन ओतलंस. आता ती कशाला राबेल?"

इमामनं आ वासला. चार महिने तो घडे न्याहाळत होता. मातीकडं बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"आणि पाहुण्यांना मी काय दाखवू? ही बोळकी? ठेव खुरपं, इमाम."

वीस वर्षांचं खुरपं मातीनं भरलेलं कसं ठेवायचं, म्हणून तो ते धुवायला हौदावर गेला. आणि तिथून असा ओरडला, की साहेब धावतच आले.

हौदामागं फुटक्या कुंडीत ती मोडकी फांदी रुजली होती. अंगानं किरकोळ, पानं बोटाएवढी, पण टोकांना तीन खरेखुरे घडे. एकात माशी अजून फडफडत होती. साहेब चिखलात गुडघे टेकून बघत राहिले.

"हिला काय घातलंस?"

"काय न्हाय, साहेब. इसरलोतो."

"शाब्बास!" साहेब म्हणाले. वीस वर्षांत इमामला मिळालेली ही पहिली शाबासकी होती.

दसऱ्याला पाहुण्यांपुढं दोन कुंड्या शेजारी शेजारी मांडल्या, माजलेली आणि उपाशी. पाहुणे तासभर हलले नाहीत, आणि मुकादमीसाठी इमामचं नाव गेलं.

त्या संध्याकाळी इमाम घरी आला, तेव्हा गौस भिंतीला टेकून दुधाचा पेला तोंडाला लावत होता. इमामनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. पानं रुंद, काळीभोर हिरवी.

"चाँदबी," तो म्हणाला, "उद्यापास्नं गौसचं दूध बंद. बदाम बंद. मटण बी बंद."

पेला ओठाशीच थांबला. "दाजी! मग मी घ्यायचं काय?"

"नुसतं पावसाचं पाणी."

"आवो, पोरगं वाळंल की!" चाँदबी कळवळली. "असं किती दिस?"

इमाम शांतपणे फेटा उतरवत म्हणाला, "घडा धरंस्तवर."