हिबारीला संग्रहालयाचं बोलावणं

मिझुकोशी मोटर कंपनीचं पत्र आलं की इसोबातातले लोक ते हात धुऊन उघडतात. गावातल्या दर तीन घरांमागे एक माणूस त्या कारखान्यात कामाला आहे किंवा होता. उरलेल्यांच्या दारातही मिझुकोशीचीच गाडी उभी असते. मध्यंतरी एका दंतवैद्याने दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली होती. त्याला कोणी काही बोललं नाही. चार महिने कोणीच काही बोललं नाही, तेव्हा तो बिचारा गाव सोडून गेला.

मे महिन्यात घरोघर एक कार्ड आलं. कंपनीला शंभर वर्षं होत होती, त्यानिमित्त ग्राहकांनी आपापल्या गाडीबद्दलचं मत कळवायचं होतं. खाली पाच चौकटी होत्या, ‘अतिशय समाधानी’पासून ‘अतिशय असमाधानी’पर्यंत. सगळ्या गावाने दुसऱ्या चौकटीत खूण केली. पहिलीत केली तर माणूस उथळ वाटतो, तिसरीत केली तर भांडखोर. चौथी आणि पाचवी चौकट शोभेसाठी असते.

उदागावा तेइझो यांनीही आपल्या जुन्या ‘हिबारी’ मॉडेलसाठी दुसरीतच खूण केली. पण कार्डावर खाली दोन ओळींची जागा मोकळी होती, आणि अडतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या माणसाला मोकळी जागा बघवत नाही. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘माझ्या हिबारीने तेहतीस वर्षांत एक दिवसही त्रास दिला नाही.’

त्यांच्या पत्नी फुसाए यांनी चष्मा लावून ते वाचलं.

“एक दिवसही नाही? मग त्या दिवशी बोगद्यात आपण दोन तास काय हवा खात बसलो होतो?”

“तो त्रास नव्हता. ती थांबली होती.”

शिवाय डावी काच अकरा वर्षांत खाली आली नव्हती, स्टार्टर दोनदा बदलला होता आणि वायपर पाऊस संपल्यावर चालू होत असे. पण घरातल्या माणसाची दुखणी परक्याला कोण लिहून कळवतं?

ही गाडी तेइझोंना नुसती गाडी नव्हती. रोज सकाळी सहाला ते तिच्यातून दीपस्तंभाच्या टोकापर्यंत जात, थर्मासमधला चहा पीत समुद्राकडे बघत बसत आणि येताना टोफू घेऊन येत. वय सत्याहत्तर. ओसाकाची लेक चिनात्सु दर रविवारी फोनवर म्हणे, बाबा, आता लायसन्स परत करा. फुसाएही तिचीच री ओढत. सत्याहत्तराव्या वर्षी नवीन गाडी कोणी घेत नाही. हिबारी गेली की लायसन्स गेलं, लायसन्स गेलं की दीपस्तंभ गेला, हे तेइझोंना पक्कं ठाऊक होतं.

जूनमध्ये कंपनीच्या संग्रहालयातून हिराइवा नावाचे गृहस्थ आले. चाळिशीचे, काळा सूट, कोटावर कंपनीचा बिल्ला, हातात मिठाईचा खोका. दारातच कमरेत वाकून त्यांनी सांगितलं की आलेल्या कार्डांमधून तेइझोंच्या दोन ओळी निवडल्या गेल्या आहेत, आणि शंभराव्या वर्षानिमित्त ती हिबारी संग्रहालयात कायमची ठेवावी अशी कंपनीची नम्र इच्छा आहे.

तेइझोंना दीपस्तंभ आठवला. पण समोरचा माणूस अजून वाकलेलाच होता, आणि वाकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

“एवढ्या मोठ्या जागेत ठेवण्याच्या लायकीची नाही हो ती,” ते म्हणाले.

हिराइवांनी वहीत टिपून घेतलं: मालक अत्यंत विनयशील.

पुढच्या आठवड्यात ते आपल्या विभागप्रमुखांना घेऊन आले. या वेळी खोका मोठा होता. आधी गाडी जिन्याखालच्या कोपऱ्यात ठेवायची होती. तेइझोंना तो कोपरा कमी वाटला असणार, असा बैठकीत निष्कर्ष निघाला होता, म्हणून आता ती थेट प्रवेशद्वारासमोर ठेवायची ठरली होती. तेइझोंनी घाईघाईने सांगितलं की गाडीवर ओरखडे आहेत आणि मागच्या सीटला मासळीचा वास येतो. विभागप्रमुखांचे डोळे पाणावले. ओरखडे आहेत तसेच ठेवू, ते म्हणाले, आणि वासाचंही काहीतरी करू. तो जाऊ नये म्हणून.

ते गेल्यावर तेइझोंनी खोका उघडला. मग त्यांना एक तोड सुचली. त्यांनी कागद घेतला आणि हिबारीचे सगळे दोष प्रामाणिकपणे लिहून काढले. अकरा भरले. खोटं मत दिल्याबद्दल क्षमा मागून त्यांनी ते पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं. असली गाडी आता कोण मागणार, असं म्हणत त्या रात्री ते गाढ झोपले.

पत्र संग्रहालयात गेलं, तिथून दर्जा-तपासणी विभागात गेलं, आणि तिथे हाहाकार उडाला. एका ग्राहकाने अकरा दोष तेहतीस वर्षं मुकाट्याने सोसले, एवढंच नव्हे तर कार्डावर त्यांची वाच्यता केली नाही. चौथ्या दिवशी सकाळी त्या विभागाचे चार अधिकारी काळ्या सुटांत फाटकाबाहेर ओळीने उभे राहिले आणि सहा मिनिटं वाकून राहिले. समोरच्या ओकुयामाबाईंनी पडद्याआडून ते पाहिलं. संध्याकाळी त्या काळा पोशाख करून उदबत्तीचा पुडा घेऊन आल्या. दार तेइझोंनीच उघडलं. बाईंनी पुडा पाठीमागे धरला, हवा दमट आहे म्हणाल्या आणि उलट्या पावली परत गेल्या.

अधिकारी गाडी घेऊन गेले. डाव्या काचेचा एक भाग आता कुठेच बनत नव्हता, म्हणून निवृत्त झालेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या कारागिराला घरून आणलं गेलं आणि त्याने तो हाताने घडवला. नऊ दिवसांनी गाडी परत आली, तेव्हा काच लोण्यासारखी खाली जात होती आणि वायपर पावसातच चालत होता. मासळीच्या वासाला कोणी हात लावला नव्हता.

“आता कसं नाही म्हणणार?” तेइझो काच वरखाली करत म्हणाले. “त्या म्हाताऱ्याने यासाठी दहा दिवस घालवले असतील.”

“नऊ,” फुसाए म्हणाल्या. “आणि इतकी वर्षं मी गुदमरले त्याचं काय?”

गाडीबरोबर एक पत्रही आलं होतं. गाडी आता इतिहासाचा भाग असल्यामुळे तिच्या मीटरवर एकही किलोमीटर वाढू नये, अशी विनंती होती. हिराइवांनी स्वतः येऊन तिच्यावर पांढरी चादर घातली. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. वॉर्डाच्या सूचनांची पाटी या घरातून त्या घरात फिरली, तिच्यावर ऑक्टोबरमधल्या समारंभाची तारीख लिहिलेली होती. गाडी अजून दारातच होती, पण तेइझो बसने फिरू लागले. बस दीपस्तंभापर्यंत जात नाही. त्यामुळे लवकरच ते कुठेच जाईनासे झाले.

इथून फुसाएंचे हाल सुरू झाले. घरात बसलेल्या तेइझोंनी एका आठवड्यात स्वयंपाकघराची पाहणी केली. बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. समुद्रशेवाळाच्या पुड्या जिल्हावार वेगळ्या केल्या. कुठूनसा जुना तारखेचा शिक्का शोधून काढला आणि प्रत्येक लोणच्यावर मारला. फुसाएंनी मुळ्याचं लोणचं काढलं, तर ते घड्याळ बघत म्हणाले, हे परवाच्या आधी उघडता येणार नाही.

त्या दिवशी रविवार होता. चिनात्सुचा फोन आला आणि तिने नेहमीप्रमाणे विचारलं, बाबा लायसन्स कधी देणार. फुसाए म्हणाल्या, “तू तुझ्या घरी सुखी आहेस ना? मग गप्प बस.” फोन ठेवून त्या नवऱ्यासमोर येऊन बसल्या.

“अहो, त्या लोकांना नाही म्हणा.”

“म्हटलं की. तीनदा म्हटलं.”

“तुम्ही कसं म्हटलंत ते मी ऐकलंय. ‘मी तुमच्या घराला शोभणारी नाही’ असं मीही म्हटलं होतं तुमच्या आईला. पन्नास वर्षं झाली त्याला.”

तेइझो दचकले. पन्नास वर्षं ते त्याला विनय समजत आले होते.

समारंभाच्या दिवशी संग्रहालयाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. गावचे महापौर होते, ओकुयामाबाई होत्या, चार काळे सूट होते. हिबारी चादरीखाली उभी होती आणि आत प्रवेशद्वारासमोर तिच्यासाठी बांधलेला चौथरा रिकामा होता. अध्यक्ष मिझुकोशी, म्हणजे संस्थापकांचे नातू, इतिहास सांगायला उठले. आजोबांनी पहिल्यांदा सोबाच्या शेवया कापायचं यंत्र कसं बनवलं, त्यातून युद्धानंतर तीनचाकी कशी निघाली, तीनचाकीला चौथं चाक कसं लागलं, हे त्यांनी सविस्तर सांगितलं. इतिहास एकोणीसशे बाहत्तरपर्यंत आला आणि तिथून एकदम पंचाहत्तरला गेला. मधल्या तीन वर्षांत कंपनीने एक गाडी काढली होती, जिचं दार डावीकडे वळताना आपोआप उघडत असे. साठीपुढची सगळी माणसं त्या क्षणी आपापल्या बुटांकडे बघत होती.

मग तेइझोंना बोलावलं गेलं. त्यांनी दोन शब्द बोलायचे होते आणि मखमली उशीवर किल्ली ठेवायची होती. उशी हिराइवांच्या हातात होती. तेइझोंच्या खिशात भाषण होतं, त्यात ‘हा माझा बहुमान’ हे शब्द चार वेळा होते. त्यांनी कागद काढला. पहिल्या रांगेत फुसाए बसल्या होत्या आणि त्या त्यांच्याकडे, लोणचं उघडू न दिलेल्या बायकोच्या नजरेने, बघत होत्या.

तेइझोंनी कागदाची घडी घातली.

“मला गाडी द्यायची नाही,” ते म्हणाले.

माईक चांगला होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. महापौरांचं स्मित जसंच्या तसं चेहऱ्यावर राहून गेलं.

“ती लायकीची नाही म्हणून नव्हे. ती माझी आहे म्हणून. मी आता दुसरी गाडी घेणार नाही. हिची किल्ली खाली ठेवीन त्या दिवशी लायसन्सही ठेवीन. पण तो दिवस मी ठरवीन. आधीच सांगायला हवं होतं. माझी चूक झाली.”

एवढं बोलून ते इतके वाकले की कपाळ माईकला लागलं. उशी घेऊन उभ्या असलेल्या हिराइवांना ती खाली करावी की वर, हे कळेना. मग अध्यक्ष हळूहळू उठले, तेइझोंपेक्षाही खाली वाकले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागोमाग सगळ्यांनी वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले की आजवर हजारो ग्राहकांनी कंपनीला आपण समाधानी असल्याचं लिहून कळवलं, पण खरं मत आज पहिल्यांदा ऐकायला मिळालं. तेइझो चादर काढून, फुसाएंना शेजारी बसवून, सगळ्या गावादेखत गाडी चालवत घरी गेले.

कंपनी मात्र टाळ्यांवर थांबली नाही. नोव्हेंबरमध्ये देशभर पोस्टर लागली. त्यांच्यावर रिकाम्या चौथऱ्याचा फोटो आणि खाली एकच वाक्य होतं: ‘मला गाडी द्यायची नाही.’ जाहिरातीला बक्षीस मिळालं. मिझुकोशीच्या जुन्या ग्राहकांची छाती फुगली. ज्यांनी नवी गाडी घ्यायचं ठरवलं होतं, त्यांनी आपल्या जुन्या गाडीकडे नव्याने पाहिलं आणि तिला धुऊन काढलं.

मार्च संपता संपता हिराइवा पुन्हा दारात उभे राहिले. चेहरा उतरलेला होता. आत बसून, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून त्यांनी हकीकत सांगितली. लोक शोरूममध्ये येत होते, फुकटचा चहा पीत होते, नव्या मॉडेलभोवती एक चक्कर मारत होते आणि ‘मला गाडी द्यायची नाही’ असं म्हणून अभिमानाने घरी जात होते. शंभराव्या वर्षाची खास गाडी कारखान्याच्या आवारात रांगेने उभी होती. तर तेइझोंनी त्यातली एक गाडी भेट म्हणून स्वीकारावी, तिच्याशेजारी उभं राहून एक फोटो द्यावा आणि हीही बरी आहे, एवढंच म्हणावं, अशी कंपनीची नम्र इच्छा होती.

“नको,” तेइझो म्हणाले.

हिराइवांनी सुस्कारा टाकला. पण त्यात दुःख कमी आणि सुटका जास्त होती, हे फुसाएंच्या लक्षात आलं. या वेळी तर बस नसते, तुम्ही आलात कसे, असं त्यांनी विचारलं. हिराइवा चुळबुळले. गाडी जरा लांब, वळणाच्या पलीकडे लावली आहे, म्हणाले.

दोघं त्यांना पोचवायला वळणापर्यंत गेली. तिथे मोहरीच्या रंगाची, तेइझोंच्या गाडीपेक्षाही चार वर्षं जुनी हिबारी उभी होती. टपावर गवताच्या काड्या चिकटलेल्या होत्या.

“वडिलांची आहे,” हिराइवा खालच्या आवाजात म्हणाले. “गोठ्यात पडून होती. मोडीत काढायची म्हणून तारीखही घेतली होती. पण त्या दिवशी ती उशी हातात धरून उभा होतो ना, तेव्हा वाटलं... कृपा करून ऑफिसात कोणाला सांगू नका. आम्हाला सगळ्यांना नवी घ्यायला सांगितलंय.”

त्यांनी आत बसून किल्ली फिरवली. गाडीने खोकून दाखवलं आणि ती गप्प झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. मग हिराइवा खाली उतरले, कोटावरचा कंपनीचा बिल्ला काढून खिशात टाकला आणि बाह्या सारू लागले.

“बिल्ला लावून मिझुकोशीची गाडी रस्त्यात ढकलायची नाही, असा नियम आहे आमच्याकडे,” ते ओशाळून म्हणाले.

“मग तुम्ही आत बसा,” तेइझो म्हणाले. “दुसरा गिअर टाका, आणि मी सांगेन तेव्हा क्लच सोडा.”

तेइझोंनी एका बाजूला हात लावला, फुसाएंनी एप्रनसकट दुसऱ्या बाजूला. उतार लागताच गाडी धडधडत सुरू झाली, आणि हिराइवा आरशात बघून मान लववत दिसेनासे झाले.

त्या संध्याकाळी त्यांनी वरिष्ठांना अहवाल दिला. ग्राहकाने प्रस्ताव नाकारला, एवढं लिहून झाल्यावर खाली थोडी जागा मोकळी राहत होती. तिथे त्यांनी लिहिलं: ‘परंतु कंपनीच्या गाडीला दोघांचंही पूर्ण सहकार्य मिळालं.’