दहा हजार सात पुडके

फळीवर, म्हणजे गावाच्या पानं गोळा करायच्या मैदानावर, तेंदूपानाचे दहा हजार सात पुडके होते. करिश्माने दोनदा मोजले. बीएस्सी झालेली करिश्मा यंदा ग्रामसभेची नवी मुन्शी, म्हणजे पुडके मोजून घेणारी, आणि गावाचा रिवाज असा की पहिल्या दिवशीचे पुडके वाळत घालताना सगळ्या रांगा सारख्या हव्यात. एक जरी तोकडी राहिली तर वळीव येतो, पान काळं पडतं. आणि दिवस मावळेपर्यंत ज्याला रांगा जुळवता आल्या नाहीत, त्याची मुन्शीगिरी गेली.

शंभराच्या रांगा लावल्या. सात उरले.

"मी होतो तवा असं कधी नाई झालं," मोहाच्या झाडाखाली बसलेले जुने मुन्शी चैतूभाऊ म्हणाले. त्यांना ती जागा परत हवी होती.

नव्व्याण्णवच्या लावल्या. आठ उरले.

"पोरी, एखादं पुडकं काढून टाक ना," सुकरीबाई म्हणाल्या.

"कोनाचं काढू? तुमचं?"

"माह्यं काऊन? चैतूभाऊचं काढ!"

"हात तं लावून पाय!" चैतूभाऊ गरजले.

करिश्मा काडी घेऊन जमिनीवर भागाकार करत बसली. शंभराच्या आतल्या पंचवीसही मूळ संख्या वापरून झाल्या; प्रत्येक वेळी काही ना काही उरलंच. एकशे एकच्या एकशे एक रांगा म्हटल्या तर आकडाच ओलांडून जातो, तेव्हा पुढे पाहायची गरज नव्हती. ती उठली आणि समोर वाघ दिसल्यावर बोलावं तसं हळू बोलली, "भाऊ, ही मूळ संख्या हाये. हिचे सारखे वाटे कोनालेच करता येत नाई."

"कोनालेच नाई?" सुकरीबाईंनी विचारलं. "कलेक्टरलेबी?"

"कलेक्टरलेबी नाई, कंप्युटरलेबी नाई."

"अन् ते आपल्या फळीवर निंगाली, व माय!"

गावाची छाती फुगली. न तुटणारा आकडा तोडायचा कशाला? मग सगळ्यांनी मिळून एकच रांग लावली. ती फळीवर मावेना, म्हणून रस्त्याला लागली, हापशी ओलांडून थेट चैतूभाऊंच्या अंगणापर्यंत गेली.

"एकच रांग?" चैतूभाऊ हसले. "अन् सारखी कोनासंगं? बरोबरीले दुसरी पायजे का नाई?"

करिश्माने मावळतीकडे पाहिलं. सूर्य झाडांना टेकला होता. चैतूभाऊंनी शिट्टीसाठी हात पुढे केला. मुन्शीची शिट्टी तिने गळ्यातून काढलीही.

"भाऊ," सुकरीबाई ओरडल्या, "तुमची बकरी पाहा!"

रांगेच्या टोकाचं शेवटचं पुडकं बकरीच्या तोंडात होतं. चैतूभाऊ धावले, "थू कर! थू कर!" म्हणाले, पण बकरीने फक्त पुडक्याची दोरी परत केली.

इतका सुंदर आकडा गेला म्हणून करिश्मा क्षणभर हळहळली. मग तिने अंगणातल्या धुळीत आणखी एक भागाकार केला.

रांगा दोन. प्रत्येकीत पाच हजार तीन पुडके. बाकी शून्य.