पॉलिशच्या गुपिताचा दोन पानी करार

उद्योग उभा राहतो तो भांडवल, माल आणि गिऱ्हाईक यांच्यावर, असा एक गैरसमज फार पूर्वीपासून रूढ आहे. वस्तुतः उद्योग उभा असतो तो गुपितावर. ज्याच्याकडे गुपित नाही, त्याचं ते नुसतं दुकान.

लाकडी सामानाचं पॉलिश बनवणाऱ्या मालकांना हे एका मार्गदर्शन शिबिरात कळलं. वक्त्याने विचारलं, तुमच्या धंद्याचं गुपित काय? मालकांना सांगता येईना. पॉलिश त्यांच्या वडिलांच्या काळापासून मिस्त्री मागच्या खोलीत कालवत आले होते. मालकांना त्या वासाने शिंका यायच्या, म्हणून ते पुढे गल्ल्यावर बसत. पण मालक खचले नाहीत. जे गुपित खुद्द मालकालाच ठाऊक नाही ते केवढं मोलाचं असणार, या विचाराने त्यांची छाती फुगली. पाठोपाठ धास्तीही वाटली. उद्या कुणी ते फोडलं तर?

वकील असलेल्या भाचीने मामांसाठी दोन पानी, साधासोपा गोपनीयता करार करून दिला. 'गोपनीय माहिती म्हणजे धंद्याशी संबंध असलेली, असू शकणारी किंवा सकृतदर्शनी नसलेली कोणतीही माहिती', अशी त्यात सुटसुटीत व्याख्या होती. ती 'कोणत्याही व्यक्तीला' सांगायची नाही, हे पुढचं कलम. बाकीची कलमं धाक वाढवण्यापुरती.

मिस्त्रींनी सही केली, हिशेबनिसाने केली, टेम्पोवाल्याने केली. मालकीणबाईंनी भाजी चिरता चिरता विचारलं, की मग तुमच्या घोरण्याबद्दल बहिणीशी बोलायचं नाही का? ते 'सकृतदर्शनी नसलेल्या'त बसतं, असा खुलासा मालकांनी केला. बाईंनी सुरी खाली ठेवून सही केली.

कराराचे सुपरिणाम लगोलग दिसू लागले. माहितीची गळती शंभर टक्के थांबली (आधी ती किती होती, हे गोपनीय आहे). गिऱ्हाइकाने फोनवर भाव विचारला, की हिशेबनीस अदबीने पण ठाम नकार देई. टेम्पोवाला माल उतरवून, तो कुठून आला हे न सांगता निघून जाई. एका दुकानदाराने घाबरून ते डबे पोलिसांना दाखवले. महिनाअखेर मालकांनी खप विचारला, तेव्हा हिशेबनिसाने फक्त मान हलवली. ती ज्या तऱ्हेने हलली त्यावरून खप घसरल्याचा अंदाज मालकांनी बांधला.

घरीही शिस्त आली. पूर्वी मालकीणबाई जेवताना गल्लीतली प्रत्येक भानगड रंगवून सांगत. आता ताट वाढून म्हणत, "काही विशेष नाही." मालकांना घास जाईना.

अशात एका नाट्यगृहाने आपल्या सगळ्या खुर्च्यांसाठी पॉलिश मागवलं. ही ऑर्डर हुकली असती तर कारखान्याला टाळंच लागलं असतं, आणि मिस्त्री नेमके लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्या गावी गेलेले. मालकांनी नाकाला रुमाल बांधला, मागच्या खोलीत डब्यांत जे जे दिसलं ते ते अंदाजाने कालवलं, आणि नमुना म्हणून स्वतःच्या खुर्चीला फासलं. चकाकी उत्तम आली. मालक समाधानाने बसले, आणि बसले ते बसलेच.

चिकटल्या जागेवरूनच त्यांनी मिस्त्रींना फोन लावला आणि पॉलिशमध्ये काय घालता ते विचारलं.

"मालक, कोणत्याही व्यक्तीला सांगायचं नाही, असं लिहिलंय."

"अहो, मी मालक आहे."

"मालक म्हणजे व्यक्तीच की," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "आणि तुमची सही कुठंय?"

भाची धावत आली. तिने करार पुन्हा वाचून निर्वाळा दिला, की मिस्त्रींचं बरोबर आहे. मामांनीही स्वतःला करारात बांधून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा मांडीवर कागद ठेवून पहिला पक्ष मालक आणि दुसरा पक्ष मालक यांच्यात रीतसर करार झाला (दोन्ही पक्षांनी एकमेकांवर पूर्ण अविश्वास नोंदवला). भाचीने त्याचा फोटो पाठवला. मिस्त्रींनी जावयाला खोलीबाहेर घालवलं आणि गुपित सांगितलं. एका वाक्यात.

मालकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच. थोरले मालक म्हणायचे, कुणाला खरं वाटायचं नाही, म्हणून सांगू नका."

पँट खुर्चीच्या हवाली करून मालक उठले आणि कामाला लागले. माल वेळेत पोचला. नाट्यगृहात जे बसले ते सगळे उठलेही.

पण मालकांच्या पोटात ते राहीना. दोघांच्याही सह्या आहेत, सबब हरकत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं आणि चहा घेताना मालकीणबाईंच्या कानाशी लागले.

"हे मला लग्न झालं तेव्हापासून ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "टेम्पोवाल्यालाही ठाऊक आहे. तुम्ही कधी विचारलंच नाही."

मालकांना राग यायला हवा होता, पण हसू आलं. त्यांनी बायकोचा करार आणून तिच्यासमोर टराटरा फाडला आणि गल्लीत इतके दिवस काय काय झालं ते सांग, म्हणून हट्ट धरला. चहा पुन्हा करावा लागला.

आता तुम्ही विचाराल, त्या पॉलिशमध्ये असतं तरी काय? वाटलंच होतं. एक सज्जन माणूस खुर्चीला चिकटला, त्याच्या संसारात अबोला आला, त्याचं तुम्हाला काही नाही. तुमचा डोळा पहिल्यापासून त्या डब्यावर. करार शोधून काढावे लागले ते काही मिस्त्रींसारख्या माणसांमुळे नव्हे. तेव्हा आधी सही करा. मग बघू.