लोणच्यातली सळई

आमच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाटात धातूची चव घेणारा माणूस एकच, डोमाजीकाका. लग्नाच्या पंगतीत गडू हाती आला की पाणी राहिलं बाजूला, काका आधी गडू चाटणार. राजेगावच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरचा तिकीट टोचायचा चिमटा चाटला; इंजिन तापलेलं नसतं तर तेही सुटलं नसतं. "ज्या लोखंडाले चव हाये, ते आंगात सडते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काका खाणीच्या वर्कशॉपात ओतारी. परसात स्वतःची भट्टी. मी भिंतीला भिंत लागून राहणारा. भट्टीचा इतका धूर गिळला की खोकलो तरी खिळे पडावेत.

या वेडाचं मूळ सगुणाकाकूंच्या मांडीत होतं. रामपायलीहून येताना त्या बैलगाडीतून पडल्या, हाड मोडलं. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, आत विलायती सळई घालावी लागेल. किंमत ऐकून काका उठले ते थेट बसस्टँडवर. हाड वाकडंच जुळलं, काकू बाजेवर खिळल्या. तेव्हापासून काकांचा एकच धोशा: गरिबाच्या हाडाला परवडेल अशी सळई आपण ओतायची.

मुशीत काय गेलं नाही? गाडीच्या चाकाची धाव, खाणीतलं मँगनीज, वारासिवनीच्या राइस मिलचं मोडकं दातेरी चाक, आणि माझ्या घरची स्टीलची वाटी, जिच्याबद्दल काका आजही काही बोलत नाहीत.

पण सळई शरीरात गंजते की नाही, हे कसं कळणार? काकांनी हिशेब लावला: माणसाच्या अंगातलं पाणी खारट, लोणचंही खारट. काकूंच्या बरणीत त्यांनी सळई खुपसली. महिन्याभरात आंबा शाईसारखा काळा. साऱ्या मोहल्ल्याने तो खाल्ला, सगळ्यांच्या जिभा काळ्या झाल्या, आणि त्या वर्षी आमच्यापैकी कुणाचाही शाप फुकट गेला नाही.

"पाय तं गेलाच होता, आता लोणचंही घालवलं तुमी," काकू बाजेवरून ओरडल्या. पण पुढल्या उन्हाळ्यापासून बसल्या बसल्या एक बरणी जास्तीची घालू लागल्या. सळईची.

अशी कित्येक लोणची नासली. मग एका वर्षी सळई गेली तशीच पांढरी बाहेर आली. काकांनी चाटली. चव नाही. धोतराच्या सोग्यात गुंडाळून ते सरकारी दवाखान्यात गेले, मला साक्षीला घेऊन. डॉक्टर भला माणूस. सळई उलटसुलट पाहून परत देत हळू आवाजात म्हणाला, "डोमाजी, आम अलग, आदमी अलग."

घरी काकू वाट पाहत होत्या. "काय म्हने डाक्टर?"

"घालतो म्हने. हिवाळ्यात."

"काहून हिवाळ्यात?"

"जखम लवकर भरते."

काकूंनी माझ्या बायकोकडून माळ्यावर पडलेल्या आपल्या चपला काढून घेतल्या, तेल लावून मऊ केल्या आणि बाजेखाली जोडीने ठेवल्या. पण काकू हिवाळ्यापर्यंत थांबल्या नाहीत. भर पावसाळ्यात तापाने गेल्या.

राख सावडायला आम्ही वैनगंगेवर गेलो. अस्थी पांढऱ्या कापडात गोळा झाल्या. गाठ मारायच्या आधी काकांनी धोतराच्या सोग्यातून सळई काढून आत ठेवली. म्हातारे कुरकुरले, अस्थींत लोखंड चालत नाही.

"तिले सांगतलं होतं," काका म्हणाले, "घालतो म्हनून." आणि गाठ मारली.

तेरवीच्या पंगतीत कुणीतरी त्यांच्या हाती नवा कोरा गडू दिला. आम्ही सगळे पाहत होतो. काका त्यातलं पाणी प्यायले आणि त्यांनी गडू खाली ठेवला.