क्रॅनबेरीचा पंडुम

ऐन थंडीत मंगलीला उन्हाळी लागली. लघवीला जाताना जळजळ, जाऊन आलं की पुन्हा जावंसं वाटणं, आणि अर्ध्या तासाहून जास्त एका जागी बसणं अशक्य. एरवी तिनं हे दुखणं अंगावर काढलं असतं. पण धाकट्या लेकीला लग्नानंतर दहा वर्षांनी मूल झालं होतं. सोमवारी चामोर्शीला बारसं होतं, आणि बाळाला पाळण्यात आपल्या आईनंच घालायचं, असं लेकीनं निक्षून सांगितलं होतं. म्हणजे रविवारची एसटी पकडणं आलं. जंगलातला चार तासांचा रस्ता, आणि ड्रायव्हर असा की थांब्यावरही उपकार केल्यासारखा थांबायचा.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. मंगलीनं गोळ्या सुरू केल्या, पाणी मात्र बंद केलं. जे आत जाणारच नाही ते बाहेर कशाला येईल, असा तिचा साधा विचार होता.

तिची नात ललिता चंद्रपूरला नर्सिंग शिकत होती आणि सुटीत घरी आली होती. तिचा डॉक्टरांपेक्षा फोनवर विश्वास जास्त. तिनं येतानाच एक चकचकीत पाकीट आणलं होतं.

"आजी, ह्या क्रॅनबेरी होत. लघवीच्या तरासावर लय फायद्याच्या. फोनमंधी सारं लिहून हाय."

हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून त्या खातात, झालेला बरा करायला नव्हे, असंही त्याच फोनमध्ये लिहिलं होतं. पण उत्साही माणसाला खालच्या ओळी दिसत नाहीत.

मंगलीनं हात पुढे केला तेवढ्यात तिचा नवरा पोचू आला. पाकिटावरचं लाल फळांचं चित्र त्यानं निरखून पाहिलं.

"हे फळ होय का?"

"होय, आजा."

"नवीन होय?"

"आपल्या इकडं कुठी भेटते? अमेरिकेतलं होय."

"मंग पंडुम झाल्याबिगर कोणी तोंडात टाकाचं नाई."

आंबा असो की मोह, नवं आलेलं काहीही आधी गावदेवाला आणि वाडवडिलांना दाखवायचं, मग भूमियानं चाखायचं, मग गावानं खायचं. हाच पंडुम. त्याआधी खाल्लं तर पोट बिघडतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. अमेरिकेतल्या फळाचं काय करायचं, हे मात्र पूर्वजांनी सांगून ठेवलेलं नव्हतं. म्हणून पोचू भूमियालाच, म्हणजे देवपूजा करणाऱ्या म्हाताऱ्या कोलूला बोलावून घेऊन आला. कोलूमागोमाग निम्मं गाव आलं.

"फळ नाई, औषध समजा," ललिता म्हणाली.

"औषध असन तर डाक्टरनं काऊन नाई देल्लं?" कोलूनं विचारलं.

"अवो पण हे सुकवलेलं हाय!"

"मोहबी सुकवतो आपण. त्याचा पंडुम नाई करत का?"

नर्सिंगच्या तीन वर्षांत ललिताला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पंडुम गुरुवारी ठरला.

गुरुवारी सकाळी गावदेवाच्या झाडाखाली सगळे जमले. घराघरातून माणूस आला, कारण प्रसाद घराघरात जाणार होता. मंगली दोनदा झुडपाआड जाऊन आली. पूजा झाली. कोलूनं एक लाल दाणा चिमटीत धरला आणि तोंडापर्यंत नेऊन थांबला.

"पोरी, फायदे तू सांगतले. फायदे तर दारू विकणाराबी सांगते. आता नुकसान वाच."

ललितानं नाराजीनं फोन उघडला. "जास्त खाल्लं तर पोट बिघडते. हगवण लागते. ज्याले मुतखडा होते त्यानं जपून खावं. अन् रक्त पातळ कराची गोळी ज्याले..."

ती थांबली. मागच्या वर्षी कोलूला छातीत दुखून नागपूरला नेलं होतं, तेव्हापासून तो नेमकी तीच गोळी रोज घेत होता.

"कोलूबा, तुमी नका खाऊ."

"मी नाई खाल्लं तर गावानं कसं खावाचं?"

"तुमाले काई झालं तर?"

कोलूनं दाणा हळूच पाकिटात परत ठेवला. भूमियाऐवजी फक्त त्याचा धाकटा भाऊ बुधू चाखू शकला असता. पण बुधू कापूस वेचायला कोरपन्याकडे गेला होता आणि सोमवारी येणार होता.

"सोमवारी तं माह्या नातवाचं बारसं हाय!" मंगलीचा आवाज रडवेला झाला. "मले त्याले पाळण्यात घालाचं हाय, कोलूभाऊ. दहा वर्षं वाट पाह्यली मी."

कोलूला मनापासून वाईट वाटलं. नियम मोडता येत नव्हता आणि मंगलीचं तोंडही पाहवत नव्हतं. "दुसरं काई सांगतलं का डाक्टरनं?" त्यानं विचारलं.

"पाणी पेवाले सांगतलं," पोचूनं चुगली केली, "पण हे पेतच नाई."

झालं. त्या दिवसापासून कोलू दिवसातून तीनदा मंगलीच्या अंगणात येऊन बसायचा आणि समोर तांब्याभर पाणी संपल्याशिवाय उठायचा नाही. भूमियाच सांगतो म्हटल्यावर गावही मागे राहिलं नाही. वाटेनं जाणारी बाई थांबून विचारायची, "पाणी पेल्ली का वो?" मंगली पिऊन पिऊन टेकीला आली. शनिवारी गोळ्या संपल्या, आणि जळजळही गेली. ती दुपारभर धान पाखडत एका जागी बसली आणि संध्याकाळी हे तिच्याच लक्षात आलं.

रविवारी एसटीत मंगली खिडकीपाशी ऐटीत बसली. मांडीवर बाळाची नवी झबली, शेजारी ललिता. पहिला तास झाला, तरी मंगली हलली नाही. दुसऱ्या तासाला मात्र ललिताच्या कपाळावर घाम फुटला.

"भाऊ, गाडी थांबवा! लवकर!"

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. "म्हातारीसाठी का?"

ललिता उत्तर द्यायला थांबलीच नाही. झाडीतून परतली तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. पुढच्या दहा किलोमीटरांत असं आणखी दोनदा झालं. मंगलीनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"किती खाल्ली?"

"शुक्रवारी एकच चाखली होती, आजी. गोड लागली." ललितानं डोळे मिटले. "काल सारं पाकीट संपलं."

"पंडुमाच्या आधी?"

"पंडुमाचं काई नाई त्याच्यात. जास्त खाल्लं तर असं होते, फोनमंधी लिहूनच हाय."

"वाचलं होतं ना तू मंग? कोलूभाऊले तं वाचताबी येत नाई, तरी थांबला." मंगलीनं पदरानं तिचा घाम पुसला. नातीचा राग यायला हवा होता, पण इतक्या वर्षांत डॉक्टरीणबाईंची सेवा करायची संधी पहिल्यांदाच आली होती. "उद्या बुधू येईन, पंडुमाले गाव जमन, अन् पाकीट रिकामं. तुहा आजा घरी एकटाच हाय बिचारा."

ललिता कण्हली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "ड्रायव्हर, म्हातारीले काऊन तरास देऊन राह्यले? नीट थांबवा ना गाडी!"

"मले काई नाई झालं, बापा," मंगली मान ताठ करून म्हणाली. "मी ठणठणीत हाय." मग तिनं हातातली बाटली तोंडाला लावली, अर्धी रिकामी केली, नातीकडे एकदा पाहिलं आणि पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाली, "भाऊ, पुढं जिथं झाडी दाट हाय, तिथून जरा हळूच हाकजो."